पोकेमॉन कार्डांची खरेदी-विक्री: पैसा कुठे सुटतो, कुठे अडकतो

अमेरिकेत पोकेमॉनची इंग्रजी कार्डं बाजारात आली ती जानेवारी १९९९ मध्ये. तेव्हा ती जमवणारी पोरं आता चाळिशीकडे झुकली आहेत. हातात पैसा आहे, आणि लहानपणी राहून गेलेलं कार्ड आता घ्यायचंच, असा हट्टही आहे. या हट्टावर एक मोठा बाजार उभा आहे. त्यात रीतसर कमाई होते, पण कार्डांची बंद पाकिटं फोडून नाही. कार्ड हातात घेतल्यावर त्याची अवस्था आणि खरा भाव ज्याला ओळखता येतो, त्याचे पैसे सुटतात. बाकीच्यांच्या घरी खोकी साठतात.

इथली माहिती मुख्यतः अमेरिकेतल्या बाजाराची आहे, कारण इंग्रजी कार्डांच्या मोठ्या विक्रीच्या जागा, कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या आणि भावांच्या नोंदी तिथेच आहेत. भारतात राहून करायचं तर काय बदलतं, तेही पुढे आहे.

पाकिटं फोडू नका

हल्लीच्या एका इंग्रजी पाकिटात दहा कार्डं असतात. त्यांतली सात साधी, म्हणजे काही सेंट किमतीची. एका बॉक्समध्ये ३६ पाकिटं, म्हणजे ३६० कार्डं. बॉक्सची किंमत वसूल करायची तर त्यातून दोन-तीन दुर्मिळ कार्डं नेमकी हवी तीच निघावी लागतात. तो नशिबाचा खेळ आहे, धंदा नाही. फोडायची हौस असेल तर त्याचा खर्च हौसेच्या खात्यात लिहा.

बंद बॉक्स साठवून वर्षांनी विकणारेही आहेत. त्यात भांडवल अडकतं आणि पुन्हा छपाई झाली की भाव बसतो. सप्टेंबर २०२३ चा ‘१५१’ हा संच नंतर पुन्हा पुन्हा छापून आला. कंपनी किती छापणार, हे आपल्या हातात नाही. सुरुवात सुट्या कार्डांनीच करा. भांडवल ३०० डॉलर पुरे, आणि ते क्रेडिट कार्डावर काढलेलं नको.

कार्ड वाचायला शिका

आधी एकच कोपरा निवडा: १९९९ ते २००३ मधली विझार्ड्स ऑफ द कोस्टने छापलेली जुनी कार्डं, २०२३ नंतरची चित्रमय कार्डं, किंवा स्पर्धेत खेळायला लागणारी कार्डं. तिन्हींचे गिऱ्हाईक वेगळे, भाव हलण्याची कारणं वेगळी. सगळीकडे हात घातला की कुठलाच भाव डोक्यात राहत नाही.

कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात संचातला क्रमांक असतो. शेजारी गोल खूण म्हणजे साधं, पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे मधलं, तारा म्हणजे दुर्मिळ. २०२३ च्या स्कार्लेट अँड व्हायोलेट मालिकेपासून ताऱ्यांचे प्रकार वाढले: दोन काळे तारे म्हणजे डबल रेअर, एक सोनेरी तारा म्हणजे इलस्ट्रेशन रेअर, दोन सोनेरी तारे म्हणजे स्पेशल इलस्ट्रेशन रेअर. क्रमांक संचाच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर ते ‘सीक्रेट’ कार्ड. २०२१ च्या इव्हॉल्व्हिंग स्काइज संचातलं अम्ब्रिऑन व्हीमॅक्स २१५/२०३ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याच अम्ब्रिऑनची साधी आवृत्ती त्याच संचात आहे आणि दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चारिझार्ड या पोकेमॉनच्या कार्डावर हे सगळं नीट पाहून घ्या, कारण सर्वाधिक लोक इथेच फसतात. १९९९ च्या बेस सेटमधल्या चारिझार्डचा क्रमांक ४/१०२. चित्राच्या डाव्या खालच्या बाजूला काळा ‘फर्स्ट एडिशन’ शिक्का असेल तर सर्वात मौल्यवान. शिक्का नाही, पण चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नाही, तर ते ‘शॅडोलेस’. तळाच्या बारीक ओळीत वर्षं ‘१९९५, ९६, ९८, ९९’ अशी दिसतात. सावली आहे आणि निन्टेन्डोपुढच्या वर्षांत ९९ नाही, तर ते ‘अनलिमिटेड’, पुष्कळ छापलेलं. आता सापळे. बेस सेट २ मधलं चारिझार्ड ४/१३० आहे. २०१६ च्या इव्होल्यूशन्स संचातलं चारिझार्ड लांबून अगदी जुन्यासारखं दिसतं, पण क्रमांक ११/१०८. आणि २०२१ च्या सेलिब्रेशन्स संचात तेच कार्ड ४/१०२ याच क्रमांकाने पुन्हा छापलं गेलं. फक्त त्यावर २५ व्या वर्धापनाची पिकाचूची खूण आहे. अंधुक फोटोत ती खूण दिसत नाही. फोटो स्पष्ट नसेल तर दुसरा मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

भाव: मागितलेला नव्हे, मिळालेला

ईबेवर कुणीही कितीही भाव लावू शकतो. ‘सोल्ड आयटम्स’ हा फिल्टर लावा आणि त्याच कार्डाच्या, त्याच अवस्थेच्या, शेवटच्या आठ-दहा विक्री पाहा. सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा सोडा, उरलेल्यांतला मधला घ्या. भाव खोडलेला दिसला तर ती विक्री घासाघीस होऊन कमी किमतीत झालेली असते. तो आकडा धरू नका. दुसरा पडताळा टीसीजीप्लेयर या कार्डविक्रीच्या संकेतस्थळावर घ्या. तिथला ‘मार्केट प्राइस’ खऱ्या विक्रीवरून काढलेला असतो.

मग हातात काय उरतं ते मोजा. समजा कार्ड ४० डॉलरला जातं. ईबेची फी साधारण सव्वातेरा टक्के, आणि ती गिऱ्हाइकाने भरलेला विक्रीकर धरून लागते. वर ऑर्डरमागे ४० सेंट. मिळून सहा डॉलरच्या वर. ट्रॅकिंगसह पोस्ट पाच डॉलर, पॅकिंगचं सामान ६० सेंट. उरले अठ्ठावीस. परत येणाऱ्या मालासाठी एक डॉलर बाजूला ठेवला तर सत्तावीस. हे कार्ड २४ ला घेतलं तर तीन डॉलर सुटतात, २० ला घेतलं तर सात. म्हणून ४० च्या आसपासच्या कार्डाला बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त देऊ नका. २०० डॉलरच्या कार्डाला पोस्टखर्च जाणवत नाही, तिथे ७० टक्के दिले तरी चालतात. आणि दोन डॉलरचं कार्ड एकटं विकायच्या भानगडीत पडूच नका; फी आणि पाकिटातच ते संपतं. अशी कार्डं दहा-वीसच्या गठ्ठ्याने विका.

अवस्था

बाजारात पाच पायऱ्या चालतात: नियर मिंट, लाइटली प्लेड, मॉडरेटली प्लेड, हेवीली प्लेड, डॅमेज्ड. एक पायरी खाली म्हणजे आधुनिक कार्डात साधारण १५ ते २५ टक्के भाव कमी, जुन्या चकाकीच्या कार्डात त्याहून जास्त.

तपासायला टेबललॅम्प, १० पट भिंग आणि काळं कापड पुरतं. हात धुऊन कोरडे करा. कार्ड आधी पालथं घ्या. मागची बाजू निळी असल्याने कडांवरचे पांढरे ठिपके तिथेच दिसतात. त्यालाच ‘व्हाइटनिंग’ म्हणतात. मग चारही कोपरे भिंगाखाली. मग कार्ड सुलटं करून दिव्याखाली तिरकं धरा आणि सावकाश फिरवा. समोरून पाहताना न दिसणारे ओरखडे, छपाईच्या आडव्या रेघा आणि दाबले गेलेले खळगे तिरक्या उजेडात उठून येतात. खळगा सर्वात फसवा. रबरबँड लावून ठेवलेल्या गठ्ठ्यातल्या कार्डांना कडेला नखाएवढी खाच असते, आणि तीन कड्यांच्या फायलीत ठेवलेल्या कार्डांना कडीचा गोल वळ. फोटोत दोन्ही दिसत नाहीत.

धूळ असेल तर कोरड्या मऊ कापडाने अलगद टिपा. पाणी, पॉलिश, खोडरबर काही लावू नका. ग्रेडिंगवाल्यांना ते कळतं, आणि ‘फेरफार केलेलं’ म्हणून कार्ड परत येतं.

नकली माल

अस्सल कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं. त्याच काळातलं एक स्वस्त, खात्रीचं कार्ड कायम जवळ ठेवा आणि प्रत्येक संशयिताची त्याच्याशी तुलना करा. मागच्या निळ्या रंगाची छटा, अक्षरांची जाडी, ‘पोकेमॉन’ या इंग्रजी शब्दातल्या ‘ई’वरची तिरकी मात्रा. भिंगाखाली अस्सल कार्डाचं काळं अक्षर सलग भरलेलं दिसतं, नकलीत ते रंगीत ठिपक्यांचं बनलेलं असतं. मोबाइलचा दिवा मागे धरा: अस्सल पुठ्ठ्याच्या थरांत गडद थर असल्याने उजेड कमी येतो, नकली कार्ड बहुधा कागदी कंदिलासारखं उजळतं. आधुनिक महागड्या कार्डांवर बोटाच्या ठशासारख्या कोरीव रेघा असतात; नकलीचा पृष्ठभाग नुसता गुळगुळीत, चकचकीत असतो. एका परीक्षेवर निकाल देऊ नका, दोन-तीन जुळल्या पाहिजेत.

ग्रेड केलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या कवचात, म्हणजे ‘स्लॅब’मध्ये असलं तरी निर्धास्त होऊ नका. लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. नकली स्लॅबवर खऱ्या कार्डाचाच क्रमांक चोरून छापतात, म्हणून क्रमांक सापडणं पुरेसं नाही. तिथे कार्डाचा फोटो असेल तर चौकटीची डावी-उजवी रुंदी हातातल्या कार्डाशी जुळवा.

संग्रह विकत घेणं

खरा नफा इथे आहे. फेसबुक मार्केटप्लेस, गराज सेल, कार्डांचे मेळावे. घर आवरणाऱ्याला सगळं एकदम जावं असं वाटतं, सुटं सुटं विकायला त्याच्याकडे वेळ नसतो. तुम्ही त्या वेळेचे पैसे मिळवता.

भेट सार्वजनिक जागी, दिवसा. विकणारा अल्पवयीन असेल तर आईवडील समोर असल्याशिवाय व्यवहार करू नका. ऑनलाइन पैसे पाठवायचे तर पेपालच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ पर्यायाने कधीच नको. त्यात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नाही.

तिथे बसून माल तीन ढिगांत लावा. २० डॉलरच्या वरची कार्डं एकेक तपासून, दोन ते वीसमधली भराभर, उरलेली मोजून. समजा वरच्या ढिगात १२ कार्डं, बाजारभाव ६००. त्याचे ६० टक्के म्हणजे ३६०. मधल्या ढिगात ८० कार्डं, बाजारभाव ४००, त्याचे ४० टक्के म्हणजे १६०. किरकोळ दोन हजार कार्डं, हजाराला २० डॉलरने ४०. एकूण देकार ५६०. हा हिशेब समोरच्याला कागदावर दाखवा. त्याला एखादं कार्ड मौल्यवान आहे हे ठाऊक नसेल तर सांगा. एखाद्या आजींकडून शंभर डॉलरचं कार्ड पाच डॉलरला घेणं ही फसवणूकच आहे. शिवाय हा धंदा गावातल्या ओळखीवर चालतो; सरळ वागणाऱ्याकडे लोक पुढचा संग्रह आपणहून घेऊन येतात.

यात चूक कुठे होते? वरच्या बारा कार्डांत. ती नियर मिंट धरून ६०० म्हटलं, आणि घरी दिव्याखाली सगळी लाइटली प्लेड निघाली, तर बाजारभाव ४७० वर येतो. फी, पोस्ट, पॅकिंग वजा जाता हातात सुमारे ३३०, आणि दिलेत ३६०. म्हणून लॅम्प आणि भिंग सोबत न्या. घाई करणाऱ्याचा सौदा सोडा.

ग्रेडिंग करावं का?

पीएसए ही १९९१ पासूनची कंपनी १ ते १० गुण देते. बेकेट आणि सीजीसीही चालतात. दहाला भाव आणि नऊला भाव यांत मोठी दरी असते, आणि सगळं गणित त्या दरीतच आहे.

समजा सुटं कार्ड ६० डॉलरला घेतलं, ग्रेडिंग आणि जाण्या-येण्याचा खर्च ३०. म्हणजे ९० गुंतले. दहा मिळाले आणि २०० ला विकलं तर खर्च जाता १६५ हाती, नफा ७५. नऊ मिळाले आणि ७५ ला गेलं तर हाती ५९, तोटा ३१. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायलाच दहापैकी तीन कार्डांना दहा गुण मिळाले पाहिजेत, आणि तेही एकालाही आठ मिळाले नाहीत असं धरून. पीएसएच्या ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’मध्ये त्या कार्डाला आजवर किती दहा, किती नऊ मिळाले ते फुकट पाहता येतं. लोक पाठवण्याआधी चांगली कार्डंच निवडतात, तरीही तिथे दहाचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर सरळ सुटंच विका.

पाठवण्याआधी कार्डाच्या कडेच्या चौकटीची रुंदी मोजा. डावीकडे ३ मिलिमीटर, उजवीकडे २.५ असेल तर प्रमाण ५४.५/४५.५; समोरच्या बाजूला साधारण ५५/४५ पर्यंत दहाची आशा ठेवता येते. ३.३ आणि २.२ असेल तर ६०/४०, म्हणजे नऊ धरून चाला. कार्ड आधी पातळ प्लॅस्टिकच्या खोळीत, म्हणजे पेनी स्लीव्हमध्ये, मग लवचिक प्लॅस्टिकच्या ‘कार्ड सेव्हर’मध्ये घालून पाठवतात, कडक प्लॅस्टिकच्या टॉपलोडरमध्ये नाही.

वेळेचीही किंमत धरा. मार्च २०२१ च्या अखेरीस पीएसएकडे इतका माल तुंबला की त्यांनी बहुतेक सेवा थांबवल्या. लोकांचं भांडवल महिनोन्‌महिने तिथे पडून राहिलं. एकूण भांडवलाच्या पाव हिश्श्याहून जास्त माल ग्रेडिंगला एका वेळी पाठवू नका.

विक्री आणि पॅकिंग

नवीन ईबे खात्याला विक्रीची मर्यादा असते आणि सुरुवातीला पैसेही काही दिवस रोखून ठेवतात. म्हणून पहिल्या वीस-पंचवीस विक्री छोट्या कार्डांच्या करा.

शीर्षकात पोकेमॉनचं नाव, क्रमांक, संच आणि अवस्था; ‘रेअर’, ‘वाव’ असले शब्द नकोत. फोटो स्लीव्हमधून काढून, खिडकीच्या उजेडात, पुढचा, मागचा, आणि दोष असेल तिथला जवळून. दोष स्वतःहून दाखवला की परतीचं भांडण होत नाही. दोन अवस्थांमध्ये शंका आली तर खालची लिहा. महागड्या कार्डाचे फोटो जपून ठेवा, कारण दुसरंच कार्ड परत पाठवणारे गिऱ्हाईक असतात. कडेवरचा एखादा ठिपका तेव्हा पुरावा ठरतो.

पॅकिंग असं करा. कार्ड पेनी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये. स्लीव्हशिवाय टॉपलोडरमध्ये सरकवलं तर पृष्ठभागावर ओरखडे उठतात. तोंडावर निळी पेंटर्स टेप, तिचं एक टोक दुमडून ठेवा म्हणजे ओढायला सोपं. सेलोटेप नको, तिचा गोंद उरतो आणि ती काढताना कार्ड बाहेर निसटून दुमडतं. मग चिकटपट्टीची प्लॅस्टिक पिशवी, म्हणजे टीम बॅग, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, मग बबल मेलर, म्हणजे फुग्यांच्या अस्तराचं पाकीट. हलवून पाहा, आत काही सरकलं नाही पाहिजे. २० डॉलरपर्यंतच्या कार्डाला ईबेचं ‘स्टँडर्ड एन्व्हलप’ स्वस्त पडतं. वर गेलं की ट्रॅकिंगचं पार्सल. ७५० डॉलरपासून पुढे सहीनिशी पोच घ्याच, नाहीतर ‘मिळालंच नाही’ या तक्रारीत विक्रेता हरतो.

केव्हा घ्यायचं, केव्हा काढायचं

नवा संच येताना भाव चढे असतात, कारण माल थोडा आणि उत्साह जास्त. पुढच्या तीन ते सहा आठवड्यांत पाकिटं फुटत जातात आणि सुटी कार्डं उतरतात. घ्यायचं तेव्हा. स्वतःकडे असेल तर पहिल्याच आठवड्यात विका.

खेळायच्या कार्डांचं वेगळं आहे. कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर असतं. स्पर्धांमधून दर काही काळाने सर्वात जुनं अक्षर बाद होतं. एप्रिल २०२५ मध्ये ‘एफ’ गेलं. बाद होणारं कार्ड फक्त खेळासाठीच घेतलं जात असेल तर त्याचा भाव आधीपासूनच गळायला लागतो. असा माल जानेवारीच्या आत काढा.

व्हिसा, कर आणि भारत

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी हे महत्त्वाचं. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असताना नफ्यासाठी नियमित खरेदी-विक्री करणं हे परवानगीविना काम ठरू शकतं. कामाचा परवाना नसलेल्या एच-४ लाही तेच. स्वतःच्या संग्रहातली चार कार्डं विकणं वेगळं, दर आठवड्याला माल फिरवणं वेगळं. सुरू करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ज्यांना मुभा आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: तारीख, कार्ड, खरेदी, फी, पोस्ट, विक्री. संकेतस्थळाने कराचा फॉर्म पाठवो न पाठवो, नफ्यावर कर लागतोच.

भारतातून करायचं तर व्यापारासाठी माल आणायला इम्पोर्ट-एक्सपोर्ट कोड लागतो. कस्टम्स ड्यूटी आणि कुरिअर कंपनीचं शुल्क मोजल्याशिवाय एकही ऑर्डर देऊ नका. स्वस्त कार्डं त्यातच महाग होतात. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून विक्रीचा माल आणवणंही चुकीचं, कारण प्रवाशाला मिळणारी कस्टम्सची सवलत वैयक्तिक वापराच्या सामानाला आहे. इथल्या खेळण्यांच्या दुकानात मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं संग्रहाच्या बाजारात शून्य किमतीची आहेत. मुलांना खेळायला ठीक, पण गठ्ठ्यात ती दिसली की बाकीची कार्डंही दुप्पट काळजीने तपासा.

आणि मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळा आहे. चकाकीच्या कार्डात पुठ्ठा ओल ओढतो, वरचा धातूचा थर ओढत नाही, म्हणून कार्ड धनुष्यासारखं वाकतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५० टक्के आर्द्रता बरी. निळ्या पुड्या गुलाबी पडल्या की बदला. वाकलेलं कार्ड इस्त्रीने किंवा जड पुस्तकाखाली दाबून सरळ करू नका, खळगे पडतात. स्लीव्हमध्ये घालून त्याच डब्यात काही दिवस राहू द्या, बहुतेक कार्डं आपणहून सपाट होतात.